न पाहणाऱ्याचा परवाना

अर्थशास्त्राच्या तासाला कर आणि शुल्क यांतील फरक चालला होता. कर हा सर्वांनी भरायचा. त्याच्या मोबदल्यात भरणाऱ्याच्या पदरात अमुक एक गोष्ट पडलीच पाहिजे असे नाही. शुल्क मात्र काही सेवा घेतल्याबद्दल द्यायचे. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद कसा स्पष्ट केला, ते सांगून झाल्यावर सरांनी एकदम इंग्लंडकडे मोर्चा वळवला. "तिकडे दूरचित्रवाणीसाठी दरवर्षी परवाना काढावा लागतो. आता सांगा, घरात संच आहे, पण त्यावर कोणतेही प्रक्षेपण पाहत नाही, अशा माणसाने हा परवाना घ्यावा की नाही?"

वर्गात लगेच दोन तट पडले. मागच्या बाकावरून आवाज आला, "जो जेवलाच नाही, त्याने खाणावळीचे पैसे का द्यावेत?" पुढच्या बाकावरून तितक्याच तत्परतेने उत्तर गेले, "ज्याला मूलबाळ नाही, तोही शाळांसाठी कर भरतोच की!" दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या आणि घंटा झाली. तास संपला, पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. टाळ्या दोघांनाही मिळाल्या, म्हणजे दोघांचेही थोडे थोडे खरे असले पाहिजे. ते कुठवर खरे आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ब्रिटनमध्ये रेडिओ ऐकण्यासाठी दहा शिलिंगांचा परवाना १९२२ साली सुरू झाला. त्याच वर्षी बी.बी.सी.चे प्रक्षेपण सुरू झाले. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, दूरचित्रवाणी धरून दोन पौंडांचा परवाना आला. १९६८ साली रंगीत चित्रासाठी वेगळा दर लागू झाला आणि १९७१ साली केवळ रेडिओसाठी असलेला परवाना रद्द झाला. तेव्हापासून रेडिओ ऐकण्याला तिकडे काहीही द्यावे लागत नाही. दूरचित्रवाणीचा परवाना मात्र कायम आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्याची वार्षिक रक्कम १७४.५० पौंड ठरवण्यात आली. परवाना संचागणिक नसून घरागणिक असतो. बी.बी.सी.चे देशांतर्गत कार्यक्रम जाहिरातींवाचून चालतात ते मुख्यतः याच पैशावर.

आता सरांच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर. ते सरळ आहे: नाही, घ्यावा लागत नाही. २००३ सालच्या तिथल्या दळणवळण कायद्याने बंदी घातली आहे ती परवान्यावाचून 'दूरचित्रवाणी ग्राहकयंत्र' बसवण्यावर आणि वापरण्यावर. आणि ग्राहकयंत्र म्हणजे काय? तर जे यंत्र दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घेण्याच्या हेतूने बसवले आहे किंवा वापरले जाते, ते. व्याख्येची ही खुबी ध्यानात घेण्याजोगी आहे. तेच खोके, तोच पडदा, तीच तार. पण त्यावर तुम्ही बातम्या चालू असताना पाहिल्यात तर ते कायद्याच्या दृष्टीने ग्राहकयंत्र ठरते, आणि बाजारातून आणलेली चित्रपटाची तबकडी लावलीत किंवा मुलांना त्यावर खेळ खेळू दिलात, तर ते ग्राहकयंत्र नव्हेच! वस्तू तीच राहते, वापराप्रमाणे तिचे नाव बदलते.

म्हणून परवाना लागतो तो तीन गोष्टींना. कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम, प्रक्षेपण चालू असतानाच, कोणत्याही साधनावर पाहणे. असा कार्यक्रम मुद्रित करून ठेवणे. आणि १ सप्टेंबर २०१६ पासून बी.बी.सी.च्या आयप्लेअर सेवेवरील कार्यक्रम सवडीने पाहणे. ही तिसरी गोष्ट त्यापूर्वी मोकळी होती. बाकी इतर सेवांवर साठवून ठेवलेले चित्रपट पाहणे, यूट्यूबवर जुनी भाषणे ऐकणे, रेडिओ लावणे, यांना परवाना नको. संच भिंतीवर नुसता टांगून ठेवला तरी नको.

इथे आपल्याकडच्या जुन्या कायद्याची आठवण होते. आपल्याकडेही रेडिओला परवाना लागे. टपाल कचेरीत जाऊन पैसे भरायचे, पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचे, हा वडील पिढीच्या संसारातला एक वार्षिक विधीच होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा त्यालाही परवाना होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत आपल्याकडून गेली. पण तिच्या मुळाशी जो १९३३ सालचा बिनतारी संदेशवहनाचा कायदा होता, त्यातला शब्द होता 'बाळगणे'. यंत्र जवळ बाळगले की परवाना हवा. चांगला चालता रेडिओ कापडात गुंडाळून फडताळात ठेवला आणि वर्षभर त्याला हात लावला नाही, तरी 'मी ऐकतच नाही' ही सबब त्या शब्दापुढे टिकणारी नव्हती. आपला कायदा वस्तू पाहत होता. इंग्लंडचा कायदा वस्तूपलीकडे जाऊन माणूस तिचे काय करतो, ते पाहतो. गंमत अशी की, आपला तो कायदा घडवणारे राज्यकर्तेही इंग्रजच होते!

दोहोंत न्याय्य कोणता? माझ्या मते निःसंशय इंग्लंडचा. जे घेतले त्याचेच मोल मागावे, हे शुल्काचे तत्त्व तो पाळतो. परंतु न्याय्य कायदा हा राबवायला सोपा असतोच असे नाही. रेडिओ घरात आहे की नाही, हे दारातून दिसते. घरातला माणूस काल रात्री काय पाहत होता, हे दारातून कसे दिसणार? साऱ्या अडचणींचे मूळ इथे आहे. कायद्याने 'वापर' हा शब्द उदार मनाने लिहिला खरा. पण तो वापर सिद्ध करण्याची वेळ आली की, ज्याच्या घरी परवाना नाही त्या प्रत्येकाकडे संशयाने पाहण्यावाचून वसुली करणाऱ्याला दुसरा मार्ग राहत नाही.

तसेच तिथे घडत आले. १९५२ सालापासून संच हुडकणाऱ्या मोटारी रस्त्यांतून फिरू लागल्या. कुणी संच विकत घेतला की त्याचे नाव आणि पत्ता कळवण्याचे बंधन दुकानदारांवर होते. ते २०१३ साली उठले. आज ज्या पत्त्यावर परवाना नाही, त्या पत्त्यावर पत्रे जातात, आणि पत्रांना उत्तर आले नाही तर चौकशीला माणूस येतो. आपल्याला परवान्याची गरज नाही, असे कळवण्याची सोय आहे. पण ते एकदा कळवून भागत नाही. साधारण दोन वर्षांनी पुन्हा विचारणा होते, आणि मधल्या काळात खातरजमा करायला कुणी येऊ शकते. खरे पाहता असे काही कळवण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. दारात आलेल्या माणसाला घरमालकाच्या परवानगीवाचून, अथवा न्यायालयाच्या हुकुमावाचून, उंबरा ओलांडता येत नाही. पण हे ठाऊक किती जणांना असते? म्हणजे कायदा म्हणतो, 'तुला परवाना नको', आणि व्यवहार म्हणतो, 'नको असेल तर तसे सांग, पुन्हा सांग, आणि दार उघड'.

एखाद्याला वाटेल, त्यात एवढे काय? पत्र आले तर उत्तर द्यावे. शिकल्यासवरल्या माणसाला हे जमते. पण परवान्यावाचून पाहणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे आणि त्याला १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरुंगवास या गुन्ह्याला नाही. तो दंड भरला नाही तर होऊ शकतो. आणि ज्यांच्यावर खटले होतात त्यांत स्त्रियांचे प्रमाण किती असावे? सुमारे सत्तर टक्के, किंवा त्याहूनही अधिक. स्त्रिया अधिक दूरचित्रवाणी पाहतात किंवा अधिक कायदा मोडतात, म्हणून हे घडत नाही. चौकशीचा माणूस दिवसा येतो तेव्हा घरी असते ती बाई. दार उघडते ती बाई. एकटीने मुले वाढवणाऱ्या घरांत प्रौढ माणूस असतो तो तीच. परवाना घराचा असला, तरी गुन्हा मात्र दार उघडणाऱ्याच्या नावावर लागतो. ज्या नियमाचा भार असा दार उघडणारीवर पडतो, तो नियम कागदावर कितीही समान असला, तरी त्याला समान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता आपल्या जवळचे एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या महाविद्यालयातील एखादी विद्यार्थिनी पुढील शिक्षणासाठी लेस्टरला गेली. तिथे भाड्याची एक खोली आणि सोबत एक लॅपटॉप, एवढाच तिचा संसार. शेजारच्या खोलीत तिथलीच एक मुलगी राहते. या दुसऱ्या मुलीच्या आईवडिलांच्या घरी परवाना आहे. तिने आपल्या खोलीत चालू सामना पाहिला तर चालते. अट एवढीच की, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालला पाहिजे. भिंतीतल्या विजेच्या खटक्याला तो जोडला की आईवडिलांचा परवाना अपुरा पडतो! आपल्या विद्यार्थिनीचे आईवडील राहतात साताऱ्याला किंवा नाशिकला. त्यांच्याकडे तो परवाना असण्याचा प्रश्नच नाही; तेव्हा तिला चालू सामना पाहायचा तर, बॅटरीवर असो की विजेवर, स्वतःचा परवाना हवा. आणि तिने सामना पाहायचाच नाही असे ठरवले, नुसत्या मराठी नाटकांच्या जुन्या चित्रफिती यूट्यूबवर पाहिल्या, तर तिला काहीच नको. नियम तर्कशुद्ध आहेत हे मी नाकारत नाही. पण घरापासून सहस्रावधी कोस दूर असलेल्या, वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रथमच स्वतःच्या नावाचे सरकारी छापाचे पत्र हाती घेणाऱ्या मुलीने हा सारा तर्क समजून घेऊन 'मला नको' असे निर्भयपणे म्हणावे, ही अपेक्षा मात्र फार मोठी आहे. पुष्कळजणी म्हणतील, 'नको ती कटकट', आणि पैसे भरून मोकळ्या होतील. भीतीपोटी दिलेल्या पैशाला शुल्क म्हणत नाहीत.

इथे पुढच्या बाकावरचे मित्र उठून उभे राहतील हे मला दिसते आहे. त्यांचा युक्तिवाद दुबळा नाही. ते म्हणतील, "न पाहणाऱ्यालाही या संस्थेचा लाभ होतोच. समाजात निर्भीड बातम्या फिरल्या, मुलांना चांगले कार्यक्रम मिळाले, नाटक-संगीताला आश्रय मिळाला, तर त्याचा उजेड न पाहणाऱ्याच्या अंगणातही पडतो." खरे आहे. किंबहुना याचा सर्वांत चांगला पुरावा आपण मराठी वाचकच आहोत. बी.बी.सी.ची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू झाली. बी.बी.सी.च्या जागतिक सेवेच्या खर्चाचा मोठा वाटा एप्रिल २०१४ पासून याच परवान्याच्या पैशातून जातो. म्हणजे लीड्समध्ये कुणी परवान्याचे पैसे भरावेत आणि मराठीतल्या बातम्या आपण पै न देता वाचाव्यात, असा हा हिशेब आहे. फायदा घेणाऱ्यानेच पैसे द्यावेत हे तत्त्व अगदी टोकाला नेले, तर पहिली नोटीस आपल्यालाच यायला हवी!

परंतु या युक्तिवादातून निघते काय? सर्वांचा लाभ आहे, म्हणून सर्वांनी द्यावे, असे निघत असेल तर त्याला माझी हरकत नाही. मात्र मग त्याला कर म्हणा. वास्तविक ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००६ साली आपल्या हिशेबात या रकमेचे वर्गीकरण कर असेच करून टाकले. हिशेबाच्या वहीत कर, पावतीवर परवाना, आणि न्यायालयात गुन्हा, अशी या एका रकमेची तीन रूपे झाली आहेत. न पाहणाऱ्याची कुचंबणा होते ती यामुळे. तो शुल्काच्या न्यायाने सूट मागायला जातो, तेव्हा त्याला कराच्या न्यायाने संस्थेची उपयुक्तता ऐकवली जाते. आणि कराच्या न्यायाने तो म्हणतो, 'मग माझी ऐपत पाहा', तेव्हा उत्तर मिळते, 'हे तर शुल्क आहे, ते सर्वांना सारखे'. अंधांना निम्मी सवलत आहे. पंचाहत्तरीपुढील सर्वच वृद्धांना पूर्वी मोफत असलेला परवाना १ ऑगस्ट २०२० पासून त्यांतील एका विशिष्ट निर्वाहभत्त्यावर असलेल्यांपुरताच उरला. बाकी लक्षाधीश आणि मोलकरीण यांची रक्कम एकच.

इतर देशांनी या पेचातून वाट काढली आहे. जर्मनीने २०१३ सालापासून संचाचा प्रश्नच सोडून दिला. घर आहे ना? मग प्रत्येक घराने ठरलेला हप्ता द्यायचा. संच असो वा नसो, पाहा वा न पाहा. सरकारी निर्वाहभत्त्यावर जगणाऱ्यांना मात्र माफी मिळू शकते. न पाहणाऱ्याला तिथे पैसे द्यावे लागतात, ही गोष्ट त्याला जाचेल. पण त्याच्या दारात येऊन 'तू काय पाहतोस' असे कुणी विचारीत नाही. स्वीडनमध्ये २०१४ साली तिथल्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने निकाल दिला की, आंतरजालाला जोडलेला संगणक म्हणजे दूरचित्रवाणी संच नव्हे. वस्तूवर बेतलेली पद्धत अशी डळमळीत झाल्यावर त्या देशाने २०१९ पासून उत्पन्नाशी निगडित अंशदान लागू केले. स्वित्झर्लंडने तर ४ मार्च २०१८ रोजी हा प्रश्न थेट लोकांपुढे ठेवला. शुल्क रद्द करावे काय, यावर मतदान झाले आणि ७१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी 'रद्द करू नका' असा कौल दिला. लोकांना विचारले तर ते आपल्या संस्थांना वाऱ्यावर सोडतातच असे नाही, हा त्यातला धडा मला फार मोलाचा वाटतो.

काही जण सुचवतात की, ब्रिटनने हा गुन्हा फौजदारीतून काढून साधे दिवाणी देणे करावे. मलाही प्रथम तेच बरे वाटले होते. पण २०१५ साली तिथे झालेल्या एका सरकारी पाहणीने, सध्याची पद्धत कायम आहे तोवर गुन्हा फौजदारीच ठेवावा, असा निष्कर्ष काढला. आणि विचार केला तर, दिवाणी वसुली म्हणजे गरिबाच्या दारात दंडाऐवजी जप्तीवाला उभा राहणार. रोग शुल्काच्या दुटप्पी स्वरूपात आहे. औषध न्यायालय बदलण्यात नाही.

तेव्हा मागच्या आणि पुढच्या बाकांमध्ये माझा कौल असा. आजचा कायदा जसा लिहिला आहे, तो पाहता मागच्या बाकाचे म्हणणे खरे. जो प्रक्षेपण पाहत नाही त्याला परवाना नको; आणि नको म्हणजे नको. त्याचा शब्द, त्याच्याविरुद्ध पुरावा सापडेपर्यंत, पुरेसा मानला पाहिजे. न घेतलेल्या वस्तूबद्दल दर दोन वर्षांनी खुलासा करायला लावणे, हे कोणत्याही दुकानदाराला शोभणार नाही. मग एवढ्या प्रतिष्ठित संस्थेला कसे शोभावे? उद्या मात्र तिथल्या संसदेने उघडपणे ठरवले की, ही संस्था सर्वांची आहे, सर्वांनी ऐपतीप्रमाणे द्यावे, तर पुढच्या बाकाचे म्हणणे खरे ठरेल, आणि न पाहणाऱ्यानेही कुरकुर न करता द्यावे. बी.बी.सी.ची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतची आहे. त्यापूर्वी हा निवाडा करण्याची संधी आहे. पहिला मार्ग पत्करला तर संस्थेचे उत्पन्न घटेल, काही कार्यक्रम बंद पडतील. दुसरा पत्करला तर काही लोकांना न जेवताच खाणावळीचे पैसे द्यावे लागतील. दोहोंचीही किंमत आहे. पण दोन्ही मार्ग निदान सचोटीचे आहेत. शुल्क म्हणून मागायचे आणि कर म्हणून वसूल करायचे, हा तिसरा मार्ग तेवढा नसावा.

शेवटी, ही चर्चा सातासमुद्रापलीकडची आहे असे समजून कुणी पान उलटू नये. प्रवेशाच्या वेळी मिळालेली पावती एकदा काढून पाहावी. मैदानाकडे कधी न फिरकणाऱ्यानेही त्यात जिमखान्याचे पैसे भरलेले आहेत, आणि हा वार्षिकांक न वाचणाऱ्यानेही वार्षिकांकाचे. पण ते सर्वांकडून, उघडपणे, एकदाच घेतले गेले. 'तू अंक वाचलास काय' असे विचारीत कुणी वसतिगृहाच्या खोल्यांची दारे ठोठावीत नाही. ती पद्धत सुरू झाली, तर या लेखाचे वाचक नक्की वाढतील. पण माझे मत तरीही बदलणार नाही.